कबुली न देता

आमच्या पेसामिनोने काळा कोट अंगावर चढवल्यापासून एकाही अशिलाला "चुकलं" असं म्हणू दिलेलं नाही. आमच्या बेटांच्या राजधानीत, आपियात, व्यापाऱ्यांची भांडणं लढवणारे वकील पुष्कळ आहेत, पण ज्याच्याकडे खरंच झाकण्यासारखं काही असतं तो सरळ पेसामिनोचा जिना चढतो. हे मी कौतुकाने सांगतेय की कसं, ते ऐकणाऱ्याने आपलं ठरवावं. मी त्याची आत्या, सिएनी. त्याचा बाप, म्हणजे माझा भाऊ, न्यूझीलंडला मटणाच्या कारखान्यात गेला तेव्हा पोरगं माझ्या ओटीत टाकून गेला. मी आणि माझा नवरा अपेलू, आम्ही दोघांनी त्याला वाढवला. नाक त्याने माझं घेतलं. अपेलू दिवसाला चार वाक्यं बोलायचा, त्यामुळे बाकीचं कुठून आणलं ते देवाला ठाऊक.

त्याचं नाव झालं ते गोठवलेल्या कोंबडीच्या खटल्यात. कंटेनर बंदरात पडून राहिले, वीज कुणीतरी तोडली, आणि कोंबडी कुणाची, वीज कुणाची, यावर दोन व्यापारी आणि एक जहाज कंपनी एकमेकांच्या उरावर बसले. पेसामिनो जहाजवाल्यांचा. त्याने तारखांवर तारखा मागितल्या. कोंबडी सडली हे सगळ्या आपियाच्या नाकाला कळत होतं, पण कोर्टात ते शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही. शेवटी दोन्ही व्यापारी कंटाळून घरी गेले आणि जहाजवाल्यांनी पेसामिनोला जेवायला बोलावलं. तिथे कोंबडी नव्हती म्हणे.

"खटला जिंकायचा नसतो, आत्या," तो मला एकदा म्हणाला. "समोरच्याला घरी जावंसं वाटेपर्यंत बोलत राहायचं असतं."

"मग तुझ्या बायकोचं काय होत असेल?"

"तिच्याशी मी तडजोड करतो."

त्यानंतर मोठमोठे लोक आले. सिमेंट आणणारे, मासळीचे डबे भरणारे, एकाच बापाचे दोन मुलगे जे दुकानाच्या पाटीवरून भांडत होते. सगळ्यांना त्याने एकच शिकवलं: तोंड बंद. पुढे पुढे ती सवय त्याच्या हाडात गेली. एका रविवारी चर्चमधून बाहेर पडताना त्याने मालिआच्या पायावर पाय दिला. मालिआ माझी शेजारीण. दुसरा कुणी असता तर माफी मागून मोकळा झाला असता. हा म्हणतो कसा, "तुमच्या पायाला इजा झाल्याचं तुमचं म्हणणं माझ्या कानावर आलं आहे." मालिआ अजून त्याला तो अंगठा दाखवते.

तर असा हा माणूस. केस पिकले, पोट सुटलं, आपियात लोक त्याला पाहून वाट देतात. आणि अशा वेळी हॉटेलच्या बुलडोझरने अपेलूची कबर मोडली.

कबर घरासमोरच आहे, आमच्याकडे सगळ्यांची असते तशी. पांढरी फरशी, वर चार खांबांचं छप्पर. सकाळी मी तिथे बसून कोको पिते, ऊन असलं की चादरी वाळत घालते, आणि अपेलूला गावातलं सगळं सांगते. जिवंत होता तेव्हा मध्येच उठून जायचा. आता ऐकतो. हॉटेल आहे तिकडे टोकाला, समुद्राकडे, आणि त्याचा रस्ता आमच्या दारावरून जातो. त्यांना तो रुंद हवा होता. बुलडोझर आला, वळला, आणि अपेलूच्या डोक्याकडच्या फरशा फोडून, एक खांब आडवा करून थांबला. चालवणारा आपलाच पोरगा होता, सावाई बेटावरचा. त्याने मशीन तिथेच टाकलं आणि धूम ठोकली. त्या सगळ्या हॉटेलात अक्कल असलेला तेवढा एकच.

दुसऱ्या दिवशी हॉटेलचा साहेब आला. डॉब्सन, ब्रिस्बेनचा, उन्हाने लाल झालेला. त्याच्या हातात फुलांचा केवढा तरी गुच्छ. म्हणाला, "घडलेल्या प्रकाराची कंपनीने नोंद घेतली आहे."

मी म्हटलं, "नोंद तर कबरीनेही घेतलीय."

त्या बिचाऱ्याने गुच्छ ओट्यावर ठेवला. वाक्य त्याचं नव्हतंच. ते कुणाच्या कपाटातलं आहे हे मी तिथल्या तिथे ओळखलं, आणि माझ्या तोंडाची चव गेली.

त्याच संध्याकाळी गावसभा बसली आणि रस्त्यावर नारळाचे दोन ओंडके आडवे पडले. आमच्या गावाचा वक्ता म्हातारा सोलोमोना. गावाच्या वतीने बोलायचं ते त्याने. तो काठीवर रेलून म्हणाला, "सिएनी, बये, तुला काय हवं ते सांग. फरशा हव्यात? डुकरं हवीत?"

"फरशा मी लावून घेईन," मी म्हटलं. "मला गावासमोर एवढंच ऐकायचंय, की चूक झाली. दुसरं काही नको. आणि ते ऐकल्याशिवाय ओंडके हलायचे नाहीत."

हॉटेलात लग्नं लागतात, सिडनीची, ऑकलंडची. त्या नवऱ्या मुली पांढरे झगे गुडघ्यापर्यंत गोळा करून आमच्या ओंडक्यांवरून उड्या मारायला लागल्या. मालिआ खुर्ची टाकून बघत बसायची.

मग पेसामिनो आला. कमरेला गुंडाळलेला काळा लावालावा, वर कोट, गळ्यात टाय, आणि हातात छत्री.

"आत्या, कशी आहेस?"

"कोण विचारतंय? भाचा की वकील?"

"दोघंही आलेत."

"मग दोन कप कोको लागेल. माझ्याकडे एकच स्वच्छ आहे."

तो हसला आणि बसला. कबरीकडे पाठ करून बसला, हे मी पाहिलं. म्हणाला, "हे प्रकरण चिघळवू नकोस. मी हॉटेलकडून उभा आहे."

"ते मला फुलांबरोबरच्या वाक्यावरूनच कळलं. अरे, ज्याच्या खांद्यावर बसून तू चर्चला जायचास त्याची कबर आहे ती."

"कबर कुणाची आहे यावर वाद नाही. तिचा कोपरा रस्त्याच्या हद्दीत येतो की नाही, यावर आहे."

"म्हणजे अपेलू हॉटेलच्या वाटेत आला."

"असं मी म्हटलेलं नाही."

"पण म्हणणार आहेस."

"ते कोर्टात."

"आणि कोर्ट विचारणार नाही, की बाबा, घरच्याच माणसाविरुद्ध कसा उभा राहिलास?"

"या जमिनीवर माझं नाव नाही, आत्या. तू मला वाढवलंस, पण त्याचा कागद नाही. कायद्याच्या नजरेत मी या घराचा कुणी नाही."

एवढं बोलून त्याने कपात पाहिलं. कप कधीच रिकामा झाला होता, तरी बराच वेळ पाहत होता. मी म्हटलं, "पेसा, 'चूक झाली' हे दोन शब्द इतके जड कसे रे?"

"लोक त्या दोन शब्दांवर पुढे माड्या चढवतात, आत्या."

"आम्ही चढवत नाही. आम्हाला ते ऐकून घरी जायचं असतं."

तो उठला. जाताना ओंडका ओलांडताना त्याचा लावालावा अडकला आणि मालिआ तिच्या खुर्चीतून म्हणाली, "ओंडक्याला इजा झाल्याचं कानावर आलंय का?"

तो आपियाला गेला आणि रस्ता मोकळा करण्याचा हुकूम मागितला. आता गंमत अशी, की गावाने केलेली वकील त्याच्याच हाताखाली शिकलेली पोरगी. तिने तारीख मागितली. मिळाली. पुन्हा मागितली. एकदा म्हणे सोलोमोनाचा गुडघा दुखतो म्हणून, एकदा नकाशा नीट दिसत नाही म्हणून. इकडे हॉटेलची लग्नं दुसऱ्या हॉटेलात जायला लागली, ब्रिस्बेनहून डॉब्सनला रोज शिव्या यायला लागल्या. पेसामिनो भर कोर्टात म्हणाला, "महाराज, विलंब म्हणजे अन्याय." त्यावर न्यायाधीशांना इतका खोकला आला की पाणी आणावं लागलं.

मग त्याने डोकं चालवलं. डोकं मीच खोबरं घालून वाढवलेलं, त्यामुळे ते कुठल्या दिशेने चालतं हे मला कळायला हवं होतं. सोलोमोना घरी येऊन म्हणाला, "उद्या पहाटे ते इफोंगा घेऊन येतायत."

इफोंगा म्हणजे ज्याच्या हातून गुन्हा झाला त्याने उजाडता उजाडता दुखावलेल्याच्या दारासमोर जमिनीवर बसायचं, डोक्यावरून बारीक विणीची चटई पांघरून. पुढ्यात सरपण आणि दगड ठेवायचे, की घ्या, डुकरासारखं भाजा हवं तर. घरच्यांनी चटई उचलली की मिटलं. पुन्हा त्या गोष्टीचा उच्चार करायचा नाही, ना गावात, ना कोर्टात. पेसामिनोची मेख यात होती. चटईखालचा माणूस बोलत नाही, बोलावं लागत नाही. माफी मिळाली, रस्ता मिळाला, आणि तोंडातून कबुलीचा ब्रही नाही. आपल्या वाडवडिलांनी रक्त सांडू नये म्हणून काढलेली रीत त्याने लग्नाच्या हंगामासाठी वापरायला काढली.

"परत पाठवता येईल का?" मी विचारलं.

"येईल," सोलोमोना म्हणाला. "पण मग पुढच्या पिढीपर्यंत लोक तुलाच नावं ठेवतील."

पहाटे ते आले. डॉब्सनचे गुडघे दुमडत नव्हते, दोघांनी धरून त्याला खाली बसवला. सरपण म्हणून हॉटेलच्या शेकोटीची लाकडं आणली होती, एकसारखी कापलेली, फितीने बांधलेली. आणि दगड! हॉटेलात पाहुण्यांच्या पाठीवर गरम करून ठेवतात ते काळे, गुळगुळीत, तेल लावलेले दगड.

"याच्यावर डुक्कर भाजायचं की त्याची पाठ चोळायची?" मालिआ माझ्या कानात म्हणाली.

मी हसणार होते, पण तेवढ्यात त्यांनी डॉब्सनवर चटई टाकली. चटई माझी होती. लाल पिसांची किनार, एका कोपऱ्यात वीण जराशी घट्ट, कारण तो कोपरा विणताना अपेलू आजारी होता. पेसामिनो वकील झाला त्या दिवशी मी ती त्याला दिली होती. चटया भेट म्हणून घरोघर फिरतात, हे काही नवं नाही. पण माझीच चटई माझ्याच दारात, माझ्याच नवऱ्याची कबर मोडणाऱ्याच्या डोक्यावर, असं करायला फार शिकावं लागतं.

पेसामिनो स्वतः बसला नाही. तो फणसाच्या झाडाखाली छत्री उघडून उभा राहिला आणि खिशातून कागद काढून वाचू लागला. "ही चटई कोणत्याही जबाबदारीची कबुली न देता, तसेच उभय पक्षांच्या कोणत्याही हक्काला बाधा न येता, केवळ सलोख्याच्या हेतूने..."

सोलोमोनाने काठी जमिनीवर टेकवली. "मी आयुष्यभर भाषणं ऐकली आणि केली," तो म्हणाला. "ज्यात बोलणारा हजरच नाही असं भाषण पहिल्यांदा ऐकलं."

मी दारात बसून राहिले. ऊन वर आलं. चटईखालून डॉब्सनचा श्वास ऐकू यायला लागला, घाट चढलेल्या घोड्यासारखा. सोलोमोना हळूच म्हणाला, "सिएनी, उचल आता. माणूस शिजतोय."

"मी कशी उचलणार?" मी मोठ्याने म्हटलं. "घरात कर्ता पुरुष असताना बाईमाणसाने पुढे होऊ नये."

मालिआला ठसका लागला. मी कुठल्या पुरुषाला पुढे होऊ दिल्याचं तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

"कुठला कर्ता पुरुष?" सोलोमोनाने विचारलं.

"तो काय, छत्रीखाली. अपेलूने वाढवलेला. त्याने उचलावी."

सगळ्या माना तिकडे वळल्या. पेसामिनोला सगळं एका क्षणात कळलं, तेवढा तो हुशार आहे. चटई उचलली तर तो दुखावलेल्या घरचा माणूस ठरतो, मग हॉटेलकडून कुठल्या तोंडाने उभा राहणार? आणि नाही उचलली तर सगळ्या गावासमोर, अपेलूच्या कबरीसमोर सांगितल्यासारखं, की मी या घरचा कुणी नाही. हे तो माझ्याशी कोको पिताना बोलला होता. गावासमोर बोलणं वेगळं.

"आत्या," तो शेवटी म्हणाला, "मला यावर विचार करायला थोडा वेळ लागेल."

"तारीख मागतोस?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. आणि तेवढ्यात चटई बोलायला लागली. डॉब्सनला आमची भाषा हॉटेलापुरती येते, या, बसा, गरम पाणी तिकडे. तेवढ्या शब्दांत जमेल तसं, बाकीचं त्याच्या भाषेत, त्याने आतूनच सांगितलं. "बाई, मशीन माझं होतं. उशीर होतोय म्हणून मी त्या पोराच्या मागे लागलो होतो. वळव, वळव म्हणून मीच ओरडत होतो. माझ्या वडिलांची कबर अशी कुणी मोडली असती तर मी त्याचं डोकं फोडलं असतं. चूक..."

"एक शब्दही बोलू नका!"

पेसामिनो असा ओरडला की झाडावरची पाखरं उडाली. एवढ्या वर्षांची सवय, तोंडातून आपोआप निघालं असणार. पण ते निघताना त्याचे डोळे अशिलावर होते. शेजारी फुटलेल्या फरशा होत्या, त्यांच्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. बुलडोझर आला त्या दिवशी मला राग आला होता. आता राग आला नाही, बसल्या जागी थकल्यासारखं झालं.

"चूक झाली," चटईखालून डॉब्सन म्हणाला. "माझी."

झालं. मला हवं ते मिळालं, गावाने ऐकलं. मी उठायला हवं होतं. पण मी एकदा बोललेला शब्द मागे घेत नाही, आणि मी म्हटलं होतं पेसामिनोने उचलावी. म्हणून बसून राहिले आणि त्याच्याकडे बघत राहिले.

त्याने छत्री मिटली. कागदाची घडी करून खिशात घातली. बूट काढले, नीट जोडून झाडाच्या बुंध्याशी ठेवले. आणि चालत चटईपाशी आला. सोलोमोनाने डोळे मिटून ओठ हलवायला सुरुवात केली. पेसामिनो वाकला, चटईची कड धरली, वर केली, आणि आत शिरून डॉब्सनच्या शेजारी बसला. कड परत खाली सोडली.

काय सांगू, गावात रडारड. "एवढा मोठा माणूस!" "कोटासकट!" मालिआ, जी त्याला अंगठा दाखवत फिरते, ती लावालावाच्या टोकाने नाक पुसत होती. सोलोमोना म्हणाला, "अपेलू, बघ रे."

मी रडले नाही. मला माझा भाचा ठाऊक आहे. त्या सगळ्या अंगणात अशी एकच जागा होती जिथून चटई उचलायला त्याला कुणी सांगू शकत नव्हतं, आणि ती चटईच्या खाली होती. तिथे बसून तो हॉटेलचाही राहिला, घरालाही नकार दिला नाही, आणि तोंडाने काहीच बोलला नाही. पण हेही खरं, की त्याचे गुडघे डॉब्सनपेक्षा वाईट आहेत, आणि गुडघे टेकवून, कपाळ खाली घालून तो बसला होता तो थेट अपेलूच्या पायांसमोर. वकील आत शिरला की भाचा, ते चटईवरून कळत नव्हतं. नुसते दोन उंचवटे दिसत होते.

शेवटी मीच उठले. अंगणातून चालत गेले आणि माझी चटई उचलली.

पेसामिनो डॉब्सनच्या कानाशी तोंड नेऊन पुटपुटत होता, "आता पुरे. यापुढे फक्त मान हलवा."

त्याचा चेहरा ओला होता. मालिआ म्हणते अश्रू. मी वाद घातला नाही, चटईखाली ऊन फार लागतं.

रीतीप्रमाणे त्यांना घरात घेतलं. सोलोमोनाने अर्धा दिवस भाषण केलं, आणि त्यात एकदाही कबर हा शब्द आला नाही, कारण आता तो यायचा नव्हता. तारोचा कंद वाफाळत होता, नारळाच्या दुधात शिजवलेली पानं होती, डुक्कर होतं, आमच्याच दगडांवर भाजलेलं. आमच्याकडे ज्याच्या त्याच्या मानाप्रमाणे घरातला खांब ठरलेला असतो. एका बाजूच्या खांबांना टेकून पाहुणे बसले, डॉब्सन मान हलवत. समोरच्या खांबांना घरचे. माझ्या उजव्या हाताचा खांब मी मोकळा ठेवला होता. तो अपेलूचा. सगळे बघत होते की पेसामिनो कुठे बसतो.

तो दारात उभा राहिला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग कोट काढून खुंटीला अडकवला, बाह्या वर केल्या आणि सरळ मागे चुलीकडे गेला, जिथे वाढणारी तरुण मंडळी असतात. तिथून ताट घेऊन आला आणि गुडघ्यांवर बसून आधी मला वाढलं, मग डॉब्सनला. ज्याला आपियात लोक वाट देतात तो माणूस पंखा घेऊन आमच्या ताटांवरच्या माश्या हाकत बसला. लोक पुन्हा हळहळले, केवढी ही सेवा! मी मात्र बघत होते. वाढणाऱ्याला खांब नसतो. ना इकडचा, ना तिकडचा.

ओंडके त्याच संध्याकाळी हलले. हॉटेलने फरशा लावून दिल्या, जरा जास्तच चकचकीत, त्यावर मी घसरता घसरता वाचले. कोर्टातला खटला मागे घेतला. आपियात पेसामिनो सांगतो की तो हरलेला नाही, प्रकरण निकालात निघण्याआधीच संपलं. खरं आहे, कागदावर तसंच आहे.

त्या दिवशी पाहुणे गेल्यावर तो मागे घुटमळत राहिला. काहीतरी बोलायचं होतं, ओठ दोनदा उघडले आणि मिटले. मला दया आली असती, पण त्याने उभ्या आयुष्यात इतरांची तोंडं मिटवली, तर एकदा स्वतःचं मिटलेलं बघायला काय हरकत आहे?

"बोलायचं नसेल तर भांडी घास," मी म्हटलं.

त्याने घासली. सगळी, डुकराच्या तेलकट परातीसकट, राख लावून, घासून, धुऊन पालथी घातली. मग ओल्या हातांनी कबरीपाशी गेला आणि फुटक्या फरशांचे तुकडे एकेक उचलून एका बाजूला रचू लागला. ती कबुली होती की काय, मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने हरकत घेतली असती.